वाचकांचे प्रश्न : पश्चिम भारतातील आफ्रिकी वारसा

मागील अंकात मलिक अंबरच्या खुलताबाद येथील कबरीविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेला होता, असे आपण लिहिले. मग तो निजामशाहीचा सर्वेसर्वा कसा झाला? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीविषयी जे वाचले आहे, त्याच्याशी याचा मेळ बसत नाही.

उत्तर : आपली शंका रास्त आहे. गुलामगिरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अटलांटिक महासागरापलीकडचे ऊस, तंबाखू आणि कापसाचे मळे उभे राहतात. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबून तिकडे नेण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख माणसेच जिवंत किनाऱ्याला लागली. तेथे गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच गुलाम ठरे आणि कातडीचा रंग पिढ्यान्‌पिढ्या पायातील बेडी होऊन राही. हिंदी महासागरातील गुलामांचा व्यापार त्याहून कितीतरी जुना आणि त्याची घडणही निराळी होती. येथे माणसे विकत घेतली जात ती मुख्यतः शिपाई, अंगरक्षक, खलाशी आणि घरातील नोकर म्हणून. दख्खनमधील दरबारांत परदेशी आणि स्थानिक सरदारांचे तट सतत एकमेकांवर उठलेले असत. अशा वेळी ज्याचे येथे भाऊबंद नाहीत, वतन नाही आणि ज्याची निष्ठा केवळ धन्याशी बांधलेली आहे, असा सैनिक सुलतानांना आणि त्यांच्या वजिरांना हवा असे. धनी मरण पावला की असा सैनिक बहुधा मोकळा होई; तो दुसरीकडे चाकरी धरी, लग्न करी, मालमत्ता करी आणि आपल्या हाताखाली सैन्यही बाळगी.

मलिक अंबरचे आयुष्य याच वाटेने गेले. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेल्या या मुलाला लहानपणीच विकण्यात आले. तांबड्या समुद्रावरील मोखा बंदर आणि पुढे बगदाद असे धनी बदलत तो अहमदनगरला पोहोचला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, कारण अंबरच्या आधीपासूनच हबशी माणसे येथे मोठ्या पदांवर होती. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाला, काही वर्षे इकडेतिकडे शिपाईगिरी करून त्याने स्वतःची फौज जमवली आणि १६००मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाही घराण्यातील एका तरुणाला परांड्याला गादीवर बसवून राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. १६१०च्या सुमारास येथे येऊन गेलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने अंबरच्या फौजेत सुमारे १० हजार हबशी आणि ४० हजार दख्खनी असल्याचे लिहिले आहे. त्या दख्खनींत मराठ्यांचा भरणा मोठा होता. १६२४मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा त्याने पराभव केला, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते आणि त्यांचे बंधू शरीफजी त्याच लढाईत पडले.

मात्र एवढ्यावरून आपल्याकडची गुलामगिरी सौम्य होती, असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. आईबापांपासून तोडलेल्या, पुनःपुन्हा विकलेल्या आणि जन्मनावही हिरावून घेतलेल्या मुलाच्या बाबतीत सौम्य हा शब्द वापरू नये. शिवाय जे वजीर झाले त्यांचीच नावे बखरींत आणि तवारिखांत उतरली. घरोघर पाणी भरणाऱ्या, बंदरात ओझी वाहणाऱ्या आणि जनानखान्यात विकल्या गेलेल्या माणसांविषयी कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. त्यांची संख्या वजिरांच्या कितीतरी पट होती.

अंबरचे नाव घेताना त्याच्या गनिमी युद्धाचा उल्लेख सगळेच करतात, म्हणून मी येथे त्याच्या पाण्याविषयी लिहितो. त्याने वसवलेले खडकी हे नगर पुढे औरंगाबाद झाले आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. या नगरासाठी त्याने उत्तरेकडील डोंगराळ भागातील भूजल जमिनीखालून बांधीव नहरीने आणले. पाणी केवळ उताराने वाहील असा तिचा तोल साधलेला होता, वाटेत ठरावीक अंतरावर आत उतरून साफसफाई करण्यासाठी मोऱ्या ठेवल्या होत्या आणि वस्तीत शिरल्यावर ते पाणी खापरी नळांतून हौदांपर्यंत पोहोचत असे. नहर-ए-अंबरी या नावाने ओळखली जाणारी ही व्यवस्था तीन शतकांहून अधिक काळ शहराच्या उपयोगी पडली. पाठ्यपुस्तकात भातवडीच्या शेजारी या नहरीला जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : जहांगीर बादशहा मलिक अंबरच्या तुटलेल्या मस्तकावर बाण मारतो आहे, असे एक चित्र पाहण्यात आले. अंबर मोगलांच्या हाती सापडून मारला गेला होता काय?

उत्तर : नाही. अंबर १६२६मध्ये वार्धक्याने मरण पावला आणि मोगलांना तो शेवटपर्यंत कधीही सापडला नाही. जहांगीर आणि अंबर यांची समोरासमोर गाठ पडल्याचाही दाखला नाही. आपण पाहिलेले चित्र बादशहाचा आवडता चितारी अबुल हसन याने १६१६च्या सुमारास काढलेले आहे. ते आज आयर्लंडमधील डब्लिन शहरातील चेस्टर बीटी संग्रहात आहे. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, तो गोल बैलाच्या पाठीवर आहे आणि बैल माशावर. समोर भाल्याच्या टोकावर अंबरचे मस्तक खोचलेले असून त्यावर घुबड बसले आहे. सोबत फारसी अक्षरांत बादशहाच्या न्यायाची आणि सामर्थ्याची स्तुती आहे. रणांगणावर जे साधत नव्हते ते कागदावर साधून घेतलेले आहे. या चित्राकडे ज्या दृष्टीने पाहिले जाते त्याचे मला वाईट वाटते, कारण अनेक ठिकाणी ते मोगल चित्रकलेचा नमुना म्हणून छापले जाते आणि भाल्यावरचा माणूस कोण याचा खुलासाही केलेला नसतो.

याच काळातील दुसरे एक चित्र आपण अवश्य पाहावे. हाशिम या मोगल चिताऱ्याने १६२०च्या दशकात काढलेले अंबरचे व्यक्तिचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढऱ्या वस्त्रांतील हा भारदस्त, वयस्क माणूस एका बाजूने दाखवलेला आहे. कातडीचा गडद रंग, जबड्याची ठेवण आणि देहाचा भार चिताऱ्याने इतक्या काळजीने न्याहाळला आहे की शत्रूच्या पदरी असूनही त्याच्या हाताला या माणसाविषयी आदर होता, असे मला वाटते. लेखणीतही तसेच घडले. जहांगीर स्वतःच्या आठवणींत अंबरचा उल्लेख शिव्यांशिवाय क्वचितच करतो. पण अंबरच्या मृत्यूची बातमी नोंदवताना जहांगीरच्याच दरबारातील इतिहासकार मुतमदखान याने युद्धकलेत आणि कारभारात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, अशा अर्थाचा अभिप्राय लिहून ठेवला.

विजापूरच्या चित्रांकडेही लक्ष वेधतो. तेथे हबशी वजीर इखलासखान आपल्याला मुहम्मद आदिलशहाच्या अगदी निकट दिसतो. १६४५च्या सुमाराच्या एका प्रसिद्ध चित्रात तर सुलतान आणि इखलासखान एकाच हत्तीवर बसलेले आहेत. दरबारी चित्रात कोण कोठे बसतो याला फार अर्थ असे.

प्रश्न : जंजिऱ्याचा किल्ला किंवा अहमदाबादच्या सिदी सैयद मशिदीची जाळी यांत आफ्रिकी असे काय आहे? बांधणी तर इथलीच दिसते.

उत्तर : बांधणी इथलीच आहे. १५७२-७३ मध्ये गुजरातच्या सुलतानशाहीच्या अखेरच्या दिवसांत पूर्ण झालेल्या त्या मशिदीची दगडी जाळी, तिच्यातील ताडाचे झाड आणि एकमेकांत गुंतलेल्या फांद्या, ही गुजरातच्या पाथरवटांचीच कला आहे. तिला आफ्रिकी वारशात स्थान आहे ते ती उभारणारा सिदी सैयद हबशी होता म्हणून. परक्या मुलखात आलेल्या माणसाने इथल्या कारागिरांना हाताशी धरून, इथल्याच रिवाजात काही उत्तम घडवले, तर ते त्याच्या समाजाच्या खात्यावर जमा व्हायलाच हवे.

जंजिऱ्याविषयी मराठी वाचकाच्या मनात एक अढी असते आणि ती समजण्यासारखी आहे, कारण शिवाजी महाराजांनी आणि संभाजी महाराजांनी प्रयत्नांची शर्थ करूनही हा जलदुर्ग हाती आला नाही आणि जंजिऱ्याच्या हबशी सत्ताधीशांनी, म्हणजे सिद्दींनी कोकणच्या किनाऱ्यावरील प्रजेला दिलेला त्रासही खरा आहे. तरीही इतिहास म्हणून पाहायचे तर मूठभर आफ्रिकी कुळांनी एका बेटाच्या आणि आरमाराच्या बळावर मोगल, मराठे, पोर्तुगीज आणि इंग्रज या सर्वांच्या गर्दीत आपले संस्थान १९४८पर्यंत टिकवले, ही सामान्य गोष्ट नाही. मुरूडला जाणाऱ्यांनी किल्ला पाहून परत न फिरता जवळच्या खोकरी येथील सिद्दी सरदारांचे दगडी घुमटही पाहावेत.

प्रश्न : आमच्या आजोबांकडून ऐकले होते की नाशिकच्या शरणपूर भागात पूर्वी आफ्रिकी मुले राहत असत. यात तथ्य आहे काय?

उत्तर : पूर्ण तथ्य आहे, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे, कारण महाराष्ट्राच्या इतिहासातील हे पान फारच थोड्यांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराची जहाजे हिंदी महासागरात गुलाम वाहून नेणारी गलबते अडवीत आणि त्यांतून सोडवलेल्या माणसांपैकी अनेकांना मुंबई बंदरात उतरवीत. त्यांत लहान मुलांची संख्या मोठी असे. त्यांना परत घरी पोहोचवणे शक्य नव्हते. गाव कोठले हेही बहुतेकांना सांगता येत नसे. अशा मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे आश्रम चालवला. तेथे मुलांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकवले जात. ही मंडळी पुढे पूर्व आफ्रिकेत बॉम्बे आफ्रिकन या नावाने ओळखली गेली.

त्यांतील एक जेकब वेनराइट. याओ जमातीत जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून पकडला गेलेला आणि नाशिकला शिकलेला हा तरुण १८७२मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रवाशाच्या मदतीसाठी धाडलेल्या तुकडीतून आफ्रिकेच्या अंतर्भागात गेला. नाशिकचे काही तरुण तर १८६६पासूनच लिव्हिंग्स्टनबरोबर होते. मे १८७३मध्ये, आज झांबियात असलेल्या चितांबो या गावी लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थना वाचली ती वेनराइटने आणि झाडाच्या बुंध्यावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. त्यानंतर या माणसांनी तो देह मीठ लावून, वाळवून, झाडाच्या सालीत आणि कापडात गुंडाळला आणि सुमारे १,६०० किलोमीटर अंतर तोडून फेब्रुवारी १८७४मध्ये समुद्रकाठच्या बागामोयोला आणला. वाटेत रोगराई होती, वैरी गावे होती, आणि मृतदेह वाटेतच पुरा असे सांगणारे गोरे अधिकारीही भेटले. त्यांनी ऐकले नाही. वेनराइट देहासोबत इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता.

त्या थडग्यावरील दगडावर कोरले आहे की हा देह विश्वासू हातांनी जमीन आणि समुद्र ओलांडून येथे आणला. ते हात कोणाचे होते, त्यांची नावे दगडावर नाहीत. लिव्हिंग्स्टनचे सोबती चुमा व सुसी आणि नाशिकचा जेकब वेनराइट ही नावे निदान आपण तरी लक्षात ठेवावीत.

शरणपूरचा आश्रम पुढे बंद झाला. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी १८७३मध्ये झांजिबारच्या सुलतानाशी बोलणी केल्यानंतर तेथील गुलामांचा बाजार बंद पडला आणि १८७५मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रियर टाउन ही वसाहत निघाली. तिची घडी बसवण्यात नाशिकहून गेलेल्या शिक्षकांचा आणि कारागिरांचा मोठा वाटा होता. आफ्रिकेतून भारतात झालेल्या स्थलांतराविषयी आपण बोलतो, पण भारतातून परत गेलेल्या या माणसांनी येथील शिक्षण आणि कसब तिकडच्या किनाऱ्यावर रुजवले, त्याची दखल आपण घेत नाही. असाच एक परतलेला माणूस सिदी मुबारक बॉम्बे. तो पश्चिम भारतात गुलाम होता, धनी मेल्यावर मोकळा झाला आणि झांजिबारला परतला. १८५७मध्ये बर्टन आणि स्पीक हे इंग्रज प्रवासी आफ्रिकेतील सरोवरांच्या शोधात निघाले तेव्हा तो त्यांचा वाटाड्या झाला आणि त्यांच्याशी तो हिंदुस्थानीत बोलत असे. पुढे स्टॅनली आणि कॅमेरून यांच्या मोहिमांतही तो होता. नाईलच्या उगमाच्या शोधाचे श्रेय ज्यांना मिळाले, त्यांची सगळी वाटचाल त्याच्या जिभेवर आणि पायांवर अवलंबून होती.

प्रश्न : गुजरातमधील सिद्दी धमाल पाहिली. नाचता नाचता उंच उडवलेला नारळ डोक्यावर फोडतात, तो प्रकार फार आवडला. हा मूळ आफ्रिकी नाच आहे काय?

उत्तर : नारळ फोडण्याचा प्रकार प्रेक्षकांना आवडतो हे खरे, परंतु या कलेचा गाभा रंगमंचापासून दूर, भरूच जिल्ह्यातील रतनपूरच्या टेकडीवर आहे. तेथे बावा गोर या सिद्दी संताचा दर्गा आहे आणि सिद्दींसाठी ढोल वाजवणे आणि नाचणे ही सर्वप्रथम या संताची सेवा आहे. रतनपूरच्या परिसरात अकीक सापडतो. भाजून लालबुंद केलेल्या या दगडाचे मणी शतकानुशतके खंबायतच्या व्यापाऱ्यांमार्फत आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात असत आणि अकीक भाजण्याची कला बावा गोरनेच शिकवली, अशी तेथील श्रद्धा आहे.

वाद्यांकडे पाहिले की नाते उघड होते. मुगरमान हा स्वतःच्याच पायांवर उभा राहणारा ढोल आफ्रिकेतील ढोलांचा सख्खा भाऊ शोभतो. मलुंगा हे त्याहून लक्षवेधी वाद्य. वाकवलेल्या काठीला तार ताणलेली, काठीला पोकळ भोपळा बांधलेला, आणि वादक एका बारीक काडीने तारेवर आघात करीत असताना खुळखुळ्याचा नाद त्याला साथ देत असतो. ब्राझीलमध्ये कापोएरा या युद्धनृत्याबरोबर बेरिंबाऊ नावाचे वाद्य वाजवतात, त्याची रचना जवळजवळ हीच आहे: धनुष्य, तार, भोपळा, काडी आणि खुळखुळा. एक वाद्य पश्चिमेच्या महासागरातून गेले, दुसरे पूर्वेच्या, आणि दोन्ही नेणाऱ्या माणसांच्या हातात तेव्हा मालकीचे असे काहीही नव्हते. जे डोक्यात आणि बोटांत होते तेवढेच गेले. मलुंगा वाजवणारे आज थोडे उरले आहेत. धमालीचे कार्यक्रम ठरवणाऱ्या संस्थांनी नारळाइतकाच वेळ या वाद्याला द्यावा, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांच्या गोधड्या विकत घेण्याचा विचार आहे. त्यांत आफ्रिकी नक्षी असते, असे विक्रेते सांगतात. ते खरे मानावे काय?

उत्तर : विक्रेत्याचे शब्द बाजूला ठेवून गोधडी हातात घेऊन पाहावी. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दींचे बरेचसे पूर्वज पोर्तुगीजांनी मोझांबिकच्या बाजूने गोव्यात आणलेले गुलाम होते आणि तेथून निसटून ते घाटावरच्या जंगलात आले, असे मानले जाते. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि घरात ते मुख्यतः कोंकणी बोलतात. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. जुन्या साड्या, सदरे, परकर यांचे तुकडे एका आधाराच्या कापडावर ठेवून शिवण कडेने सुरू होते आणि साध्या धावदोऱ्याच्या ओळी कडेकडेने फिरत मध्याकडे येतात, त्यामुळे शेवटी टाक्यांचीच एक नक्षी साऱ्या कापडावर उमटते. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुले लावल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. फुलांवाचून ती उघडी समजतात. ख्रिस्ती घरातील कवंदीवर कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरातील कवंदीवर चंद्रकोर.

जुन्या कपड्यांचे थर धावदोऱ्याने जोडण्याची रीत दख्खनमधील सर्वच समाजांत आहे, तेव्हा प्रत्येक चौकोनात आफ्रिका शोधू नये. पण भडक रंग बेधडक एकमेकांशेजारी ठेवण्याची आणि मापाची समानता मुद्दाम मोडण्याची जी मोकळीक या स्त्रिया घेतात, ती त्यांची स्वतःची आहे, आणि ती घडवणाऱ्या आजी-पणजींचा प्रवास आफ्रिकेपासून सुरू झाला होता. एवढे पुरेसे आहे. या समाजाला २००३मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२०मध्ये शांताराम सिद्दी यांच्या रूपाने त्यांचा पहिला प्रतिनिधी कर्नाटकाच्या विधान परिषदेत गेला. तरीही या माणसांना बसमध्ये आणि बाजारात तुमचा देश कोणता, असे आजही विचारले जाते. कवंदी घेताना विक्रेत्याला ती कोणी शिवली हे अवश्य विचारा, शक्य असेल तर थेट स्त्रियांच्या बचत गटाकडूनच घ्या आणि भाव पाडून मागू नका. एका मोठ्या कवंदीत कित्येक दिवसांचे हातकाम असते.